अकराव्या वचनाच्या आधी

आजचं वाचन : यिर्मया २९:१-१४, ३२:६-२५

एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासना संपता संपता वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली फिरू लागली, की यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन कोणाच्या ना कोणाच्या हाती पडतंच. ज्याला ते मिळतं त्याचा चेहरा खुलतो. शेजारी बसलेला डोकावून बघतो आणि आपल्या वाट्याला काय आलंय ते पुन्हा एकदा उलटून पाहतो. परमेश्वराच्या मनात आपल्या लोकांविषयी भल्याचं आहे, वाईट नाही, आणि त्यांच्यापुढे आशा आहे, एवढाच त्या वचनाचा आशय. पण तो कॅलेंडरवर असतो, वास्तुशांतीऐवजी झालेल्या गृहसमर्पणाच्या पत्रिकेवर असतो, दिवाणखान्यातल्या चौकटीत असतो आणि सकाळी सहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयासकट येतो. असू दे. ते आहेच तसं प्रेमात पडण्यासारखं. फक्त त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन मी आजवर कुठल्याही भिंतीवर पाहिलेलं नाही. त्यात सत्तर वर्षांचा हिशेब आहे.

हे वचन मुळात एका पत्रातलं. पत्र कोणी, कोणाला, कधी लिहिलं हे पाहिलं की त्याचा सूर वेगळाच लागतो. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतलं. राजा यखन्या अठरा वर्षांचा, गादीवर बसून जेमतेम तीन महिने झालेले. तो, त्याची आई, दरबारी, सैनिक, सुतार, लोहार, ज्यांच्या हातात काही कसब होतं ते सगळे बाबेलला नेले गेले. मागे राहिले ते गरीब. शहर मात्र अजून उभं होतं, मंदिरही उभं होतं, आणि खरी पंचाईत तिथेच होती. मंदिर शाबूत आहे म्हणजे हे सगळं चार दिवसांचं आहे, असं इकडच्यांनाही वाटत होतं आणि तिकडच्यांनाही. बाबेलच्या कालव्याकाठी बसलेली माणसं मनातल्या मनात बोचकी बांधूनच होती.

या आशेला खतपाणी घालणारेही होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात, याजकांसमोर, भर गर्दीत सांगून टाकलं, की दोन वर्षांत सगळं मार्गी लागेल. राजा परत येईल, लोक परत येतील, लुटून नेलेली मंदिरातली पात्रंसुद्धा परत येतील. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घेऊन वावरत होता. बाबेलचं जोखड इतक्यात उतरणार नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. हनन्याचं बोलणं ऐकून तो काय म्हणाला? आधी ‘आमेन’ म्हणाला. परमेश्वर असंच करो, तुझा शब्द खरा ठरो, म्हणाला. मला या संपूर्ण प्रकरणात हे ‘आमेन’ फार भावतं. यिर्मयालाही दोन वर्षंच हवी होती. वाईट बातमीची त्याला काही हौस नव्हती. हनन्याने पुढे होऊन त्याच्या मानेवरचं जू काढलं आणि सगळ्यांदेखत मोडलं. यिर्मया वाद न घालता निघून गेला. लोकांना त्या दिवशी कोण पटलं असेल, हे सांगायला नको.

हनन्या त्याच वर्षी वारला, त्यामुळे आपली दोन वर्षं उलटून गेलेली पाहायची पाळी त्याच्यावर आली नाही. त्याचा वंश मात्र सुखात आहे. अमुक महिन्यात तुमचं काम होणार, तमुक आठवड्यात दार उघडणार, असं माइकवरून ठणकावून सांगणारे आजही कमी नाहीत, आणि त्यांच्या क्लिप पुढे पाठवणारे आपणच असतो.

यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र एलासा आणि गमऱ्या या दोघांनी नेलं. यखन्यानंतर यरुशलेमात गादीवर आलेल्या सिद्कीया राजाने त्यांना स्वतःच्या कामासाठी नबुखद्नेस्सराकडे धाडलं होतं. म्हणजे पत्र एका अर्थी सरकारी टपालातूनच गेलं. ते उघडताना तिकडच्यांना काय अपेक्षित असेल? सुटकेची तारीख. हाती आली ती कामांची यादी. घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलामुलींची लग्नं लावा, नातवंडं होऊ द्या. ज्या शहरात तुम्हाला पाठवलं आहे त्याचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं बरं चाललं तर तुमचं बरं चालेल. एवढं सगळं झाल्यावर मग ती सत्तर वर्षं, आणि मग आपलं लाडकं अकरावं वचन.

तिशीतल्या माणसाने आपल्या वयात सत्तर मिळवून पाहावेत. पत्र मोठ्याने वाचलं जात असताना तिथे बसलेल्या बहुतेकांना कळून चुकलं असेल, की परत जाणाऱ्यांत आपण नसणार. अकरावं वचन त्या माणसांना लिहिलेलं आहे. ज्यांच्या हयातीत ते पूर्ण होणार नव्हतं, त्यांना.

मग यात सांत्वन ते कोणतं? मला ते पत्राच्या अगदी पहिल्या वाक्यात सापडतं. लोकांना कैद करून नेलं नबुखद्नेस्सराने, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पत्र सांगतं, की परमेश्वराने त्यांना पाठवलं. म्हणजे बाबेलला ते वाट चुकून आलेले नव्हते, आणि परमेश्वर मागे यरुशलेमच्या मंदिरात अडकून पडला नव्हता. त्यांचा नवा पत्ता त्याला ठाऊक होता. दुसरी गोष्ट अशी, की खोटी मुदत माणसाला कामातून उठवते. परत जायला दोन वर्षंच उरली असतील तर झाड कोण लावणार, मुलीला स्थळ कोण बघणार? सत्तर म्हटल्यावर बोचकं सोडावंच लागतं. देवाची योजना आपल्या आयुष्यापेक्षा लांब आहे, हे एकदा मान्य केलं की आपल्या आयुष्यापुरतं काय करायचं ते साफ दिसायला लागतं.

पत्राचं स्वागत काही टाळ्या वाजवून झालं नाही. शमाया नावाच्या एका गृहस्थाने बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला उलट टपाली तक्रार पाठवली, की हा यिर्मया आम्हाला इथे घरं बांधायला सांगतो आहे. तुम्ही तिथे बसून करता काय, याला खोड्यात का घालत नाही? याजकाने ती तक्रार खुद्द यिर्मयालाच वाचून दाखवली. शमायाचा राग मला समजतो. बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या लोकांचं जे स्तोत्र आहे, त्याचा शेवट शत्रूच्या लेकरांविषयी इतका भयंकर आहे, की उपासनेत आपण तिथपर्यंत जातच नाही. त्याच लोकांना यिर्मया त्याच शहरासाठी प्रार्थना करायला सांगत होता.

आता एक गंमत. बाबेलच्या इश्तार दरवाज्याजवळच्या एका इमारतीत जर्मन उत्खननकारांना मातीच्या पाट्या सापडल्या. १८९९ ते १९१७ या काळातलं हे उत्खनन. पाट्यांचं वाचन छापून आलं १९३९ मध्ये. त्या आहेत राजवाड्यातल्या कोठाराच्या शिधानोंदी. कोणाला किती तेल दिलं, याचा रुक्ष हिशेब. त्यात यहूदाचा राजा यखन्या आणि त्याचे पाच मुलगे यांच्या नावावर तेल पडलेलं आहे. एक पाटी इ.स.पू. ५९२ च्या सुमाराची आहे, म्हणजे पत्राच्याच दिवसांतली. रोजचा शिधा मोजून घेणारा कैदी राजा. यिर्मयानेच पूर्वी त्याच्याविषयी कठोर भाकीत केलं होतं, की याला निःसंतान म्हणून लिहा, याच्या वंशातला कोणी गादीवर बसणार नाही. गादीवर खरंच कोणी बसलं नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलं पान काढा. नाताळाच्या उपासनेत ज्या वंशावळीत वाचणाऱ्याची जीभ अडखळते, तिच्यात बाबेलच्या बंदिवासानंतर पहिलं नाव यखन्याचंच आहे. त्याच्यापासून शल्तीएल, शल्तीएलापासून जरुब्बाबेल, आणि असं करत करत बेथलेहेमपर्यंत.

त्या कोठारातल्या कारकुनाचा विचार मी कधीकधी करतो. तेलाचं माप टाकायचं, ओल्या मातीवर काडीने खुणा करायच्या, पुढचं नाव घ्यायचं. ज्या घराण्यात ख्रिस्त जन्मणार होता त्याचं खातं आपण लिहितो आहोत, हे त्याला कोण सांगणार? यखन्यालाही ते कोणी सांगितलेलं नव्हतं. देवाची योजना त्या वर्षी जगात कुठे चालू होती असं विचारलं, तर उत्तर असं, की तेलाच्या हिशेबात. आपल्याला ती नेहमी मोठ्या घटनांत शोधायची खोड असते.

शहराचं भलं पाहा या आज्ञेचं पुढे काय झालं, हाही एक वेगळा विषय आहे. बंदिवासातून परत जाण्याची परवानगी मिळाली तेव्हा सगळे परत गेले नाहीत. त्या मुलखात यहुदी वस्ती टिकून राहिली, ती थेट १९५०-५१ पर्यंत, जेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी इराक सोडला. त्याच बगदादी यहुद्यांपैकी डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईला आले. पुण्याच्या स्टेशनजवळचं ससून रुग्णालय त्यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभं राहिलं, आणि कॅम्पातल्या, लाल देऊळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. ससूनांच्या पैशात अफूचा व्यापारही होता, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण बाबेलच्या मुलखातून निघालेल्या माणसाने परक्या शहरात दवाखाना बांधावा, आणि आजही पुणे जिल्ह्यातल्या गोरगरिबांनी तिथे केसपेपर काढावा, हे वाचताना यिर्मयाचं पत्र आठवतं खरं.

आपल्याकडे या पत्राप्रमाणे जगलेलं जवळचं उदाहरण द्यायचं तर मी केडगावला जाईन. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी चालवलेल्या शारदासदनाला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं होतं. दहा वर्षं संपल्यावर काय, हा प्रश्न बाईंनी आधीच विचारात घेतला आणि पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला शंभरेक एकर माळरान घेऊन फळझाडं लावली. झाडं मोठी झाली की त्यांच्या उत्पन्नावर संस्था चालेल, इतका व्यवहारी तो बेत. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या जणींना शहरात ठेवायची सोय नाही. तेव्हा त्यांना नेलं कुठे? त्या बागेच्या जमिनीवर. तिथेच पुढे मुक्ती मिशन वसलं. झाडं लावताना बाईंच्या डोळ्यांपुढे हिशेबाची वही होती. दुष्काळातली शेकडो माणसं नव्हती. ती जमीन कशासाठी घेतली जाते आहे, हे घेणारीला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं, असंच म्हणावं लागतं.

आईवडील, बहीण, भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, अशी त्यांच्या घरातली माणसं गेली. स्वतः त्या ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी एकटीने केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. त्याचे खिळे जुळवणाऱ्या बाया त्या बागेच्या जमिनीवर वाढलेल्या होत्या.

हे सगळं लिहिताना एक धोका जाणवतो, तो इथेच सांगून टाकतो. ज्या घरात नुकतंच माणूस गेलं आहे, त्या घरात जाऊन अकरावं वचन म्हणू नये. ‘देवाची योजना’ हे शब्द तिसऱ्या दिवशी कानावर आले की पहिल्यांदा राग येतो, आणि तो रास्तच आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आणि खुद्द यिर्मया? ज्याच्या हातून हे आशेचं वचन लिहिलं गेलं, तो शास्त्रातला सगळ्यांत रडका संदेष्टा. स्वतःच्या जन्मदिवसाला शिव्याशाप देऊन बसलेला. इतरांना लग्नं करा म्हणून लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःला लग्न करायची मनाई होती. एकदा त्याला चिखलाच्या हौदात सोडलं होतं. एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने राजाची परवानगी काढली, कोठीतून जुनीपानी फडकी आणली आणि दोराने खाली सोडली: ही काखेत धर, मग दोर लाव, म्हणजे काचणार नाही. देवाच्या योजनेवर बोलणाऱ्यांनी या फडक्यांवर थोडा वेळ थांबावं असं मला वाटतं. दोर तर कोणीही टाकला असता.

योजना न कळता तिच्याप्रमाणे वागणं म्हणजे काय, हे बत्तिसाव्या अध्यायात आहे. आता यरुशलेमचा शेवट जवळ आलेला. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे, नात्याने तुझा हक्क पहिला. अनाथोथ यरुशलेमपासून तासाभराच्या चालीवर, यिर्मयाचं गाव. पण वेढा घालून बसलेल्या सैन्याच्या पलीकडचं. सातबारा नावावर झाला तरी पाय ठेवता यायचा नाही, अशी जमीन. हनामेलला रोकड हवी होती, हे उघड आहे.

यिर्मया ती घेतो. सतरा शेकेल चांदी, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. सगळं चौकातल्या लोकांसमोर, रीतसर. मग तो आपला लेखक बारूख याला दोन्ही कागद मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून. या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा देवाचा निरोप आहे, हे तो सांगतो. व्यवहार पुरा झाला, कागद गेले, आणि त्यानंतर यिर्मया प्रार्थनेला बसतो. ती प्रार्थना नीट वाचा. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाला काहीच अवघड नाही, अशी भव्य सुरुवात होते आणि शेवटी गाडी मूळ मुद्द्यावर येते: मोर्चे शहराला भिडले आहेत, शहर शत्रूच्या हाती जाणार हे नक्की आहे, आणि तू मला चांदी मोजून शेत घे म्हणालास? पैसे आधी दिले, विचारलं मग. मला विश्वासाची ही तऱ्हा खूप दिलासा देते, कारण तिच्यात समजण्याची अट नाही. प्रश्न विचारायला बंदीही नाही.

शहर पडलं. मंदिर जळलं. यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात नेण्यात आलं आणि तिथे तो दिसेनासा होतो. त्या शेतात त्याने नांगर धरला नाही.

एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय हा नावांचा आणि आकड्यांचा. कोरेश राजाने इ.स.पू. ५३८ मध्ये परतीची परवानगी दिल्यावर जे निघाले त्यांची ही यादी, जरुब्बाबेलाच्या नावाने सुरू होणारी. वाचनाचा नेम पुरा करायचा म्हणून आपण ती उरकतो. तेविसाव्या वचनात लिहिलं आहे: अनाथोथचे पुरुष १२८. त्यांतल्या कोणी मडकं शोधलं का, सतरा शेकेलांच्या शेताचा ताबा कोणाकडे गेला, याची नोंद नाही. यादी लिहिणाऱ्याला त्यापेक्षा जनावरं मोजण्यात रस होता. घोडे ७३६, खेचरं २४५, उंट ४३५, गाढवं ६,७२०. कैद करून नेलेल्यांच्या नातवंडांकडे एवढी जनावरं आली कुठून? काही त्यांनी बाबेलात घर करून कमावली असणार. आणि काहींचा उलगडा पहिल्याच अध्यायात आहे: ते जिथे जिथे राहत होते तिथल्या आजूबाजूच्या लोकांनी निघताना त्यांना चांदी, सोनं, सामान आणि जनावरं दिली.